सोबतचे पुढे गेले, म्हणून गाडी विकू का?

दादा, नमस्कार.

मी ऐरोलीला राहतो. वय 31, महापेला नोकरी. 2022 साली हिरोची एक्सपल्स 200 4व्ही ही मोटरसायकल घेतली. आजोळ मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडे आहे, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. शिवाय रविवारी आम्ही चौघं मित्र कुठला तरी कच्चा रस्ता धरतो. गेल्या दीड वर्षात बाकीच्या तिघांनी गाड्या बदलल्या. दोघांकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 आली, एकाकडे केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर. आता नाशिक हायवेला ते सुसाट पुढे जातात आणि मी पोचेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असतो. माझ्या गाडीला ते 'डिलिव्हरीवाली' म्हणतात. रात्री घाटात दिवा कमी पडतो, शंभरच्या पुढे हँडलला मुंग्या येतात, हे खरं आहे. पण या गाडीने मला कधी वाटेत सोडलेलं नाही. ती विकून वर दोन लाखांचं कर्ज काढावं का? बायको म्हणते, हौस आहे तर घे, पण मुलगी यंदा शाळेत जाणार, हप्त्याचा विचार कर. पुढच्या वर्षी लडाखचं घाटतंय, तिथे 200 सीसी पुरेल का? आणि मुख्य प्रश्न हा की मी या गाडीला धरून बसलोय ते नुसता जीव जडलाय म्हणून, की त्यात काही तथ्य आहे?

– एक वाचक, ऐरोली

मित्रा,

तथ्य आहे. गाडी ठेव.

तुझा मुख्य प्रश्न शेवटी आलाय, पण मी तिथूनच सुरुवात करतो. जीव जडलाय हे कारण तू कमीपणाचं असल्यासारखं लिहिलंस, म्हणून ते जरा बाजूला ठेवू आणि नुसत्या गाडीकडे बघू.

1 मे 2019 ला एक्सपल्स 200 बाजारात आली, तेव्हा कार्ब्युरेटरवाल्या गाडीची दिल्लीतली शोरूम किंमत 97 हजार होती आणि फ्युएल इंजेक्शनची 1 लाख 5 हजार. त्या पैशात पुढे 21 इंची आणि मागे 18 इंची स्पोकचं चाक, पुढच्या सस्पेन्शनला 190 मिलिमीटरची आणि मागच्याला 170 ची चाल, खाली 220 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, असं एकत्र देणारी दुसरी गाडी देशात नव्हती. त्याआधी 2011 मध्ये हिरोनेच इम्पल्स आणली होती. तिचं इंजिन 150 सीसीचं, ताकद जेमतेम. गाडी चांगली असूनही तिचं उत्पादन काही वर्षांत बंद झालं, कारण तेव्हा आपल्याकडे अशी गाडी घेऊन जायचं कुठे हेच लोकांना उमगलेलं नव्हतं. एक्सपल्स आली तोवर घराघरांतली पोरं ट्रेकला जायला लागली होती. ऑक्टोबर 2021 मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं, ताकद 19.1 पीएस (म्हणजे साधारण तेवढी हॉर्सपॉवर) झाली. तुझी गाडी ती.

यातला एकेक आकडा कच्च्या रस्त्यावर काय करतो ते तुला हातांना माहीत आहे, पण मित्रांशी बोलताना कामाला येईल म्हणून लिहितो. चाक मोठं असलं की दगडाला ते खालच्या कोनातून भिडतं आणि वर चढून जातं. छोटं चाक त्याच दगडावर आपटतं. सस्पेन्शनची चाल लांब असली की खड्ड्यात चाक खाली जातं, पण गाडीचा वरचा भाग जागेवर राहतो, आणि तू उभा राहून चालवत असशील तर गुडघ्यांना काम कमी पडतं. या दोन गोष्टी नव्या गाड्यांतही आहेत. हिमालयन 450 ला पुढे 21 इंचीच चाक आहे, दोन्हीकडे 200 मिलिमीटरची चाल आहे, ताकद 40 पीएस म्हणजे तुझ्या दुपटीहून जास्त. उत्तम गाडी आहे ती, आणि तुझ्या मित्रांनी पैसे वाया घालवलेले नाहीत.

पण तिचं वजन 196 किलो आहे. तुझ्या गाडीचं साधारण 158. मधला फरक 38 किलोचा, आणि माझं सगळं म्हणणं या 38 किलोंमध्ये आहे.

टोकावड्याच्या आतल्या बाजूला, पाड्याकडे जाणारी एखादी वाट डोळ्यांसमोर आण. आधी उखडलेलं डांबर, मग सुटी खडी, मग मुरूम. ओढ्यावर साकव असेल तर ठीक, नाहीतर पाण्यातून. पलीकडे चढ, त्यावर पावसाने पडलेल्या चऱ्या. इथे तुझा वेग किती असतो? पंधरा, वीस, फार तर तीस. पहिला किंवा दुसरा गिअर. या वेगाला 40 पीएस वापरायला जागाच नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की पुढचं चाक चरीत घसरलं तर गाडी पायावर तोलता येईल का, आणि नाही तोलली, पडली, तर एकट्याने उचलता येईल का.

पडण्याची भीती हीच कच्च्या रस्त्यावरची खरी अडचण आहे. भीती असली की माणूस हँडल आवळून धरतो, खांदे ताठ होतात, नजर पुढच्या चाकाखाली जाते, आणि नजर तिथे गेली की गाडी तिथेच जाते. मग तो पडतोच. ज्या गाडीवरून पडणं परवडतं, त्याच गाडीवर माणूस शिकतो. परवडणं दोन्ही अर्थांनी. अंगाला आणि खिशाला. तुझी गाडी आडवी झाली तर क्लचची दांडी वाकते, इंडिकेटर तुटतो, हँडगार्डला ओरखडा येतो. तू उठतोस, गाडी उचलतोस, पुन्हा त्याच चढाला लागतोस. तीन-साडेतीन लाखांच्या, अजून हप्ते चालू असलेल्या गाडीवर तोच चढ आला की माणूस आधी पाकिटाचा विचार करतो आणि मग रस्त्याचा. तुझे मित्र अलीकडे कच्च्या वाटा टाळून 'आज घाटाने जाऊ' म्हणायला लागलेत का, हे जरा आठवून बघ. मोठी गाडी घेणाऱ्या कितीतरी जणांचं असं होतं. दोष गाडीचा नाही. वजन आणि किंमत मिळून माणसाच्या मनावर बसतात.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. पुढच्या रविवारी मोकळ्या माळावर, गवतात, तुझी गाडी आणि मित्राची (तो तयार असेल तर) हळूच आडवी ठेवा. आधी किल स्विच बंद. गाडी उजव्या अंगावर असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे कलंडणार नाही. गाडी गिअरमध्ये असू द्यायची, नाहीतर उचलताना सरकते. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं. मग सीटला पाठ लावून उकिडवं बसायचं, एका हाताने जमिनीकडचं हँडल, दुसऱ्या हाताने मागची ग्रॅब रेल, पाठ ताठ, आणि मागे छोटी पावलं टाकत पायांच्या जोरावर उठायचं. कंबरेने उचलू नकोस, मणका जाईल. तुझी गाडी अशी दमलेल्या अवस्थेतही उठते. मित्राची पहिल्यांदा उठेल. तिसऱ्यांदा, चिखलात, दुपारी दोन वाजता उठेल का, ते त्यालाच ठरवू दे.

दुसरं, दुरुस्ती. तुझ्या गाडीचं इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होतं. नव्या मोठ्या गाड्यांना पाण्याचा रेडिएटर असतो. त्याने इंजिन जास्त ताकद देतं, उन्हात शांत राहतं, सगळं खरं. पण दगड उडून रेडिएटरला भोक पडलं तर त्या दिवसाची सहल तिथेच संपते आणि टेम्पो शोधावा लागतो. (तुझ्याही गाडीला पुढे ऑइल कूलर आहे, त्याला जाळी लावली नसशील तर लाव.) हिमालयन 450 चा थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) केबलने ओढला जात नाही, इलेक्ट्रॉनिक आहे. त्याचे फायदे आहेत, पण बिघाड झाला तर कॉम्प्युटर लावणारा माणूस लागतो. तुझ्या गाडीचं बरंचसं काम मुरबाड, शहापूर, जव्हार अशा तालुक्याच्या गावात निघू शकतं. तिथल्या मेकॅनिकचे हात हिरोच्या गाड्यांवरच तयार झालेले असतात. 'डिलिव्हरीवाली' म्हणतात ना तुझे मित्र तिला? डिलिव्हरीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तर त्याची त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून हिरोचं वर्कशॉप, सुटे भाग आणि कारागीर गावोगाव सापडतात. पाड्यावर जाणाऱ्या माणसाला याहून मोठी सोय नाही. आणि कंपनीच्या इभ्रतीचाच प्रश्न असेल, तर 2024 च्या डकार रॅली या वाळवंटातल्या शर्यतीत बोत्सवानाचा रॉस ब्रांच हिरोच्या गाडीवर एकूण क्रमवारीत दुसरा आला होता. ती शर्यतीची 450 सीसीची गाडी वेगळी, तुझ्या गाडीशी तिचं नातं नावापुरतं. तरी ज्या कंपनीला ते जमतं, तिच्या नावाला नाकं मुरडायचं कारण नाही.

आता तुझ्या मित्रांची बाजू. हायवेवर तुझी गाडी मागे पडते, पडणारच. ती ऐंशी-नव्वदपर्यंत आनंदात चालते. शंभरला इंजिन ओरडायला लागतं, कारण गिअर पाचच आहेत आणि ते खालच्या जोरासाठी लावलेले आहेत. मागे माणूस आणि सामान असेल तर कसारा घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना पिकअप अपुरा पडतो. दोघांनी मिळून लांबचा प्रवास, दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर, वर्षातून अनेकदा, असं तुझं फिरणं असतं तर मी हिमालयन घे म्हटलं असतं, मागचापुढचा विचार न करता. ब्रेकचाही मुद्दा आहे. तुझ्या गाडीला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला आहे. ओल्या डांबरावर मागचा ब्रेक घाबरून दाबला की चाक लॉक होतं. नव्या मोठ्या गाड्यांना दोन्ही चाकांना एबीएस असतो. ठाणे-बेलापूर रोडवर पावसात रोज येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाने हे विसरू नये. मागचा ब्रेक हलका, पुढचा हळूहळू वाढवत, आणि पुढच्या गाडीपासून अंतर.

पण हायवे म्हणजे नेमका कुठला हायवे, हेही बघ. तू राहतोस ऐरोलीला. तुझ्या आसपासचे सगळ्यात वेगवान रस्ते कुठले? जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू, तिथे दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, बंदी. जून 2025 मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, तिथेही बंदी. मग उरतं काय? नाशिक हायवे, जुना पुणे रस्ता, गोव्याचा रस्ता, आणि तुझा कल्याण-मुरबाड-माळशेज. या रस्त्यांवर ट्रक आहेत, कामं चालू आहेत, गावं आहेत, गुरं आहेत, अचानक आलेले गतिरोधक आहेत. इथे शंभर-सव्वाशेने जाणं गाडीला जमतं म्हणून शहाणपणाचं ठरत नाही. तुझे मित्र चहाला तुझ्याआधी पोचतात ते किती मिनिटं आधी? दहा? पंधरा? त्यासाठी दोन लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज धरलं तरी तीन वर्षं महिना साधारण साडेसहा हजार. तुझी बायको बरोबर बोलली. तिने नाही म्हटलेलं नाही, आकडा बघ म्हटलंय. तो आकडा मुलीच्या शाळेच्या फीशेजारी लिहून बघ.

करातही आता फरक पडलाय. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांचा 40 टक्के झाला. तुझ्या मित्रांच्या तिन्ही गाड्या 350 च्या वरच्या, तुझी खालच्या गटातली.

तू विचारलं नाहीस, पण पुढे कुणीतरी सुचवेलच, म्हणून एक्सपल्स 210 बद्दल. 2025 मध्ये आली. पाण्यावर थंड होणारं इंजिन, 24.6 पीएस, सहा गिअर, सस्पेन्शनची चाल दोन्हीकडे 200 मिलिमीटरच्या वर. वजन मात्र 170 किलोच्या आसपासच रोखलंय, आणि हेच तिचं मोठेपण. तू आज पहिल्यांदा गाडी घ्यायला निघाला असतास तर मी तुला तीच बघायला सांगितली असती. हायवेची तुझी तक्रार बरीचशी तिथे मिटते आणि कच्च्या रस्त्यावर फारसं काही गमवावं लागत नाही. पण चालती, घरची, फेडून झालेली गाडी विकून साडेपाच पीएससाठी वर लाखभर घालणं मला पटत नाही. तुझी गाडी अजून चार-पाच वर्षं सहज चालेल. तेव्हा बदल. तेव्हा बाजारात याहून चांगलं काही असेल.

लडाख. जमेल. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के उरते. टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन त्याच प्रमाणात दमतं, 40 पीएसचंही आणि 19 चंही. तुझ्याकडे वर अकरा-बारा पीएस शिल्लक राहील. एकट्याला, बेताच्या सामानाला तेवढं पुरतं. इंजेक्शन असल्यामुळे कार्ब्युरेटरचे जेट बदलायची भानगड नाही, विरळ हवेप्रमाणे पेट्रोल आपोआप कमी होतं. खारदुंगलाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच न घासता, शांतपणे चढायचं. टाकी 13 लिटरची आहे, तेव्हा लांब टप्प्यांसाठी पाच लिटरचा कॅन सोबत हवा. पण बायकोला मागे बसवून, दोघांचं सामान बांधून जायचं मनात असेल, तर या गाडीवर जाऊ नकोस. लेहपर्यंत विमानाने जा आणि तिथे मोठी गाडी भाड्याने घे. गाडीची ताणाताण होईल हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे मागे बसणाऱ्या माणसाचे दहा दिवस हाल होतील, आणि पुढच्या सगळ्या सहलींना तिचा नकार ठरलेला.

आता ठेवायची ठरली तर तिला नीट ठेव. तुझ्या पत्रातल्या निम्म्या तक्रारी मला गाडीच्या वयाच्या वाटतात. 2022 ची गाडी, कच्च्या रस्त्याची, नवी मुंबईच्या पावसाची. शंभरला हँडलला येणाऱ्या मुंग्यांपैकी काही इंजिनच्या आहेत, त्या राहणारच. बाकीच्यांसाठी आधी इंजिनचे माउंटिंग बोल्ट टाइट आहेत का ते तपास, कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल झालाय का बघ (पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवल्यावर मधोमध अडकल्यासारखं वाटलं, तर तो बदलायचा), चेन-चक्री झिजली असेल तर पूर्ण सेट बदल, नुसती चेन नको. कुणी सांगेल की पुढची चक्री एका दाताने मोठी घाल, हायवेला इंजिन शांत होईल. होईल खरं, पण मुरमाच्या चढावर जो खालचा जोर तुला वाचवतो तो जाईल. नको घालूस. त्यापेक्षा जाड, मऊ ग्रिप आणि हँडलच्या टोकांना वजनं लाव.

पुढच्या शॉकअपचं तेल अजून बदललं नसशील तर या पावसाळ्याआधी बदल, सील गळत असतील तर सीलही. एवढ्याने गाडी किती बदलते ते चालवल्याशिवाय पटत नाही. स्पोक दर महिन्याला पान्याने एकेक वाजवून बघ. घट्ट स्पोक टणक वाजतो, सैल भदभदा. दोन-चार सैल स्पोक तसेच ठेवले की रिमला आउट येतो, म्हणजे ती फिरताना डगमगते, आणि मग खर्च वाढतो. ट्यूबचे टायर आहेत, म्हणून दोन टामी (टायर काढायच्या पट्ट्या), एक ट्यूब आणि हातपंप गाडीवर कायम हवा, आणि पंक्चर काढायला घरी, सावलीत, एकदा शिकून घे. कच्च्यात उतरताना हवा थोडी कमी कर, पण फार नको. ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फाटते. परत डांबराला लागलास की हवा भर.

दिव्यासाठी एक बऱ्यापैकी जोडदिवा लाव, वेगळ्या स्विचवर, तोंड खाली करून. माळशेजला धुक्यात समोरच्याच्या डोळ्यांत पांढरा झोत मारणारे दिवे लोक लावतात, त्यातलं काही घेऊ नकोस. पिवळा प्रकाश धुक्यात डोळ्यांना सोसतो. लावताना वायरिंग कापू देऊ नकोस, रिले घालून बॅटरीवरून घे.

आणि तुम्ही चौघं जिथे जाता तिथलं थोडं. शहापूरकडे तानसा अभयारण्य आहे, ठाण्यातलं येऊर राष्ट्रीय उद्यानात मोडतं. वनखात्याच्या हद्दीत रस्ता सोडून आत गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी करू नये. जूननंतर मुरबाड-शहापूरला भाताची खाचरं भरलेली असतात. वाट चुकून किंवा फोटोसाठी बांधावरून गाडी नेली की बांध फुटतो, पाणी निघून जातं आणि एखाद्या घराचं लावणीचं काम मातीत जातं. तुझं आजोळच तिकडचं आहे, तुला हे मी सांगायला नको. तुझ्या मित्रांना तू सांग. हलक्या गाडीचा हाही एक गुण आहे की वाट अरुंद झाली तर ती ढकलत मागे फिरवता येते.

मित्रांच्या बोलण्याचं म्हणशील, तर त्यांच्याशी एक ठरव. हायवेला ते पुढे जाऊ देत, भेटायची जागा आधी ठरलेली असू दे, आणि त्यांचा वेग गाठायला तू इंजिन पिळू नकोस. मागे राहिलेल्याने पुढच्याला गाठायला जाणं हे ग्रुप राइडमधल्या अपघातांचं ठरलेलं कारण आहे. कच्चा रस्ता लागला की तू पुढे हो. तिथे वाट दाखवणारा हलका हवाच असतो. चांगले मित्र असतील तर त्यांना हे लगेच पटेल. न पटणारे असतील, तरी टोकावड्याची वाट तुला एकट्यालाही माहीत आहेच.

राहिला जीव जडल्याचा मुद्दा. गाडी तुला जिथे जायचंय तिथे नेते, परत आणते, घरच्या हिशेबाला धक्का लावत नाही, आणि तू तिच्यावर बसून वर्षागणिक जास्त चांगला चालवायला लागलास. अशा गाडीवर जीव जडला तर त्यात चुकलं कुठे? आणखी तीन गाड्या नव्या आल्या, उद्या तीन येतील. तुझा रस्ता तोच आहे, आणि त्या रस्त्याला तुझी गाडी आजही योग्य आहे.

वाचलेल्या पैशांतलं थोडं मात्र खर्च कर. घोट्याच्या वर जाणारे चांगले बूट घे, कारण गाडी पडते तेव्हा पहिला घोटा अडकतो. गुडघ्यांचे आणि कोपरांचे गार्ड घे, जीन्सच्या आतून घालायचे. आणि बायकोसाठी तिच्या डोक्याच्या मापाचं हेल्मेट घे, दुकानात तिला सोबत नेऊन, घालून बघून. मागे बसणाऱ्याला घरातलं जुनं, सैल हेल्मेट देतात, ते अपघातात डोक्यावरून निघून जातं. हे या महिन्यातच कर, शॉकअपच्या तेलाच्या आधी.

– तुझा दादा